विकणाऱ्याला आधी चाखू द्या

वाइन बनवणाऱ्या आणि ती दुकानांपर्यंत पोचवणाऱ्या सर्वांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्यापैकी कुणी आत्ता द्राक्षमळ्यात असेल, कुणी तळघरात पिपांपाशी, कुणी गोदामात खोकी मोजत असेल. मी या वाटेच्या पार शेवटी उभी असते, एका स्वतंत्र वाइन दुकानाच्या काउंटरमागे. स्वतंत्र म्हणजे आमचं दुकान कुठल्या मोठ्या साखळीचं नाही आणि कुठल्या उत्पादकाच्या मालकीचंही नाही. एक मालकीणबाई, हाताखाली आम्ही चौघं, आणि फळीवर काय ठेवायचं ते आम्ही पाच जण बसून ठरवतो. मला इथे बारा वर्षं झाली. एवढ्या काळात तुमच्या किती बाटल्या कागदात गुंडाळून लोकांच्या हातात दिल्या, त्याचा हिशेब नाही. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. तुमच्या प्रतिनिधींना तोंडी सांगून पाहिली, ती वर पोचली नाही. म्हणून आता उघड लिहिते.

तुमची वाइन विकायला देण्याआधी आम्हाला ती चाखू द्या. आणि जी बाटली खराब निघेल ती आढेवेढे न घेता परत घ्या. मागण्या दोन दिसतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. ते समजावं म्हणून एका संध्याकाळची गोष्ट सांगते.

शनिवार होता, दुकानात गर्दी होती. एक बाई आत आल्या आणि गर्दी ओसरेपर्यंत एका बाजूला थांबून राहिल्या. हातातल्या पिशवीत अर्धीअधिक भरलेली बाटली, बूच उलटं घालून बंद केलेली. काउंटरपाशी आल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाइनमधलं फार कळत नाही हो. माझंच काहीतरी चुकत असेल. पण ही कशीतरीच लागतेय." आमच्यातले सगळ्यात जुने सहकारी, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी बाटली घेतली, ग्लासात दोन बोटं वाइन ओतली, ग्लास फिरवून हुंगला आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवला. पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास होता. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीचा. फळाचा मागमूसही नव्हता. दादा त्यांना म्हणाले, "ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. बाटली खराब आहे. तुमचं नाक अगदी बरोबर सांगतंय." मग त्यांनी त्याच वाइनची दुसरी बाटली उघडली आणि दोन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवून त्यांना हुंगायला दिले. दुसऱ्या ग्लासात चेरी होती, थोडा मिऱ्यांचा तिखटपणा होता. बाईंनी तीनतीनदा दोन्ही ग्लास हुंगून पाहिले. "म्हणजे ही अशी असते होय!" असं म्हणताना त्यांचा चेहरा पार बदलला होता. त्या आजही येतात आणि आता न घाबरता बोलतात.

त्या खराब बाटलीचं पुढे काय झालं? वितरकाकडे बदली बाटली मागितली. उत्तर आलं की बाटली जवळपास भरलेली हवी, ठरावीक दिवसांच्या आत कळवायला हवं होतं, आणि तसंही चव ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे. शेवटी तिची किंमत आमच्या नुकसानीच्या खात्यात गेली, आणि तुलनेसाठी उघडलेल्या दुसऱ्या बाटलीचीही.

चव आवडीची असते हे मान्य. पण हा दोष आवडीचा नाही. त्याला नाव आहे, त्याचं रसायन माहीत आहे. ट्रायक्लोरोॲनिसोल, म्हणजे टीसीए. क्लोरीनचा संबंध आलेल्या काही संयुगांवर बुरशीची क्रिया झाली की ते तयार होतं. बहुतेक वेळा बुचातून येतं, कधी तळघरातल्या लाकडातून किंवा पुठ्ठ्यातूनही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी बुचाच्या वासामागचं हे कारण शोधून काढलं. प्रकृतीला त्याचा अपाय नाही. पण एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश एवढं असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. 2013 साली जपानी संशोधकांनी दाखवलं की हे संयुग वास ओळखणाऱ्या पेशींचे संकेतच दाबून टाकतं. म्हणजे स्वतःचा वास पसरवण्याबरोबरच ते बाकीचे वासही बंद करत जातं.

माझ्या मते तुमचं खरं नुकसान इथे होतं. टीसीए भरपूर असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि कुणालाही शंका येते. पण ते अगदी थोडं असेल तर पुठ्ठ्याचा वास येतच नाही. वाइन नुसती मुकी होते. फळ गायब, सुगंध गायब, मागे राहतो तो आंबटपणा आणि तुरटपणा. अशी बाटली घरी नेलेला माणूस ती परत आणत नाही. त्याला वाटतं, वाइन अशीच असेल. बाटलीवर तुमचं नाव असतं, तेवढं लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्या फळीकडे वळतसुद्धा नाही. तुमच्या वर्षभराच्या कष्टांवर त्याने कायमची फुली मारलेली असते, आणि ते ना तुम्हाला कळतं ना त्याला.

अशी मुकी बाटली ओळखायची तर तीच वाइन चांगली असताना कशी लागते हे माहीत असावं लागतं. दुसरा मार्ग नाही. आम्ही ती कधी चाखलीच नसेल तर "थोडी फिकी लागली" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही काय उत्तर देणार? दोन मागण्यांचं मूळ एक आहे असं म्हटलं ते यासाठी.

आता चाखण्याबद्दल. तुमचा प्रतिनिधी येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याकडे छापील कागद असतो. त्यावर द्राक्षांची जात, अल्कोहोलचं प्रमाण, किती महिने ओकच्या पिपात ठेवली, आणि मग सुगंधांची लांबलचक यादी. या माणसाबद्दल मला राग नाही, त्याच्यावर महिन्याचा आकडा गाठायची सक्ती असते आणि अनेकदा त्याने स्वतःही ती वाइन चाखलेली नसते. पण तो कागद घेऊन मी काय करू? तेच सगळं बाटलीच्या मागच्या लेबलवर छापलेलं असतं आणि दुकानात येणाऱ्या माणसाला वाचता येतं. तो माझ्याकडे येतो ते लेबलवर नसलेलं विचारायला. आज रात्री उघडू की दोन वर्षं ठेवू? उघडल्यावर थोडा वेळ थांबावं लागेल का? वडिलांना तुरटपणा सोसत नाही, त्यांना चालेल? या प्रश्नांची उत्तरं जिभेवर असतात, कागदावर नसतात.

एक उदाहरण देते. पांढऱ्या द्राक्षांची पण सालीसकट आंबवलेली एक वाइन आमच्याकडे आली. रंग मधासारखा. जॉर्जिया या देशात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत अशी वाइन बनवतात. त्या रांजणाला तिथे क्वेव्री म्हणतात आणि 2013 साली युनेस्कोने या पद्धतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, गिऱ्हाइकांना सांगतही होतो. तरी सहा महिने त्या बाटल्या हलल्या नाहीत. कारण आम्ही ऐकीव माहिती सांगत होतो. पांढरी वाइन म्हणून आम्ही ती फ्रिजमध्ये ठेवत होतो आणि घरी नेणारेही गारेगार करून पीत होते. मग एका दुपारी तिचा निर्माता स्वतः दुकानात आला. बाटली फ्रिजमधून काढून काउंटरवर ठेवली आणि "अर्धा तास हात लावू नका" म्हणाला. अर्ध्या तासाने ओतली तेव्हा गारेगार असताना नुसता कडवटपणा देणारी तीच वाइन वाळलेल्या जर्दाळूसारखी, काळ्या चहासारखी लागली. थंडीने तिचा तुरटपणा पुढे काढला होता आणि बाकी सगळं झाकून टाकलं होतं. त्या दिवसापासून आम्ही एकच वाक्य सांगू लागलो, "हिला पांढरी समजू नका, हलकी लाल समजून वाढा." उरलेल्या बाटल्या महिन्याभरात संपल्या आणि आम्ही पुन्हा मागवल्या. त्या माणसाला खर्च आला तो एका बाटलीचा आणि एका दुपारचा.

दादांची विकायची पद्धत मी इतकी वर्षं पाहते आहे. ते गिऱ्हाइकाला कधी विचारत नाहीत की कोणत्या जातीची द्राक्षं आवडतात. त्या प्रश्नाने निम्मी माणसं ओशाळतात. ते विचारतात, "शेवटची मनापासून आवडलेली बाटली कोणती?" नाव आठवत नसेल तर, "बरं, कुणाबरोबर प्यायलात?" माणूस सांगू लागतो आणि त्या सांगण्यातून दादांना हवं ते कळतं, गोडसर की कोरडी, हलकी की भरीव, एकट्याने निवांत प्यायची की भरल्या टेबलावर. मग ते उठतात आणि तीन बाटल्या आणून समोर ठेवतात. त्यातली एक कायम गिऱ्हाइकाने सांगितलेल्या किमतीपेक्षा कमी किमतीची असते. नवीन लागलेल्या मुलाला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "स्वस्तातली चांगली निघाली ना, की माणूस आयुष्यभर आपला होतो." पण त्या तीन बाटल्या निवडायला दादांच्या डोक्यात फळीवरची प्रत्येक चव हजर असावी लागते. ती कुठून येणार?

आमच्याकडे एक वही आहे. साधी, आखीव, पुठ्ठ्याच्या कव्हराची, पानांवर जांभळे डाग पडलेली. चाखलेल्या प्रत्येक वाइनची नोंद तिच्यात होते, तारीख, वाइन कोणत्या वर्षाच्या द्राक्षांची, कुणी चाखली, आणि प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलेल्या दोन ओळी. आमचा धाकटा सहकारी एका वाइनपुढे "पाऊस पडायच्या आधीची हवा" असं लिहून गेला होता. छापील कागदावरच्या यादीपेक्षा त्या चार शब्दांनी ती वाइन जास्त विकली. दुकानात कुणी अडलं तर आम्ही आधी ही वही उघडतो. अलीकडे तिच्यात "चाखली नाही" असं लिहिलेल्या ओळी वाढत चालल्या आहेत. ते पाहून मला फार वाईट वाटतं.

चाखणं म्हणजे दुकानातल्या माणसांची चैन, असं तुमच्यापैकी काहींना वाटतं, हे मी ऐकलं आहे. ते खरं नाही. आम्ही चाखतो ते उभ्याने, वही हातात धरून आणि शेजारी पिकदाणी ठेवून. घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. एका दुपारी वीस वाइन चाखल्यावर हिरड्या आंबटाने शिवशिवतात, जीभ तुरट होते, जेवण जात नाही. हे काम आहे आणि आम्ही ते आवडीने करतो.

दुकानदाराच्या जिभेने या व्यवसायाला काय दिलं आहे त्याची आठवण करून द्यावीशी वाटते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टीव्हन स्परियर नावाच्या एका तरुण इंग्रजाने पॅरिसमध्ये मादलेन चौकाजवळचं एक छोटं वाइन दुकान विकत घेतलं. फ्रेंचांना फ्रेंच वाइन विकणारा परदेशी माणूस! त्याने लोकांना घेण्याआधी चाखायला दिलं, आणि 1973 मध्ये दुकानाशेजारीच वाइन शिकवणारी शाळा काढली. 24 मे 1976 रोजी त्याने आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलॅगर हिने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे लेबलं झाकून कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन ठेवल्या. पांढऱ्यांत शातो माँटेलेना या उत्पादकाची शार्दने जातीच्या द्राक्षांची 1973 ची वाइन पहिली आली आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची कॅबर्ने जातीच्या द्राक्षांची 1973 ची. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. तिथे हजर असलेला एकमेव पत्रकार 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर होता, त्याने बातमी दिली आणि ती जगभर गेली. चांगली वाइन फक्त जुन्या नावाजलेल्या प्रदेशांतच होते हा समज त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. त्या दोन वाइनच्या बाटल्या आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तुमच्यापैकी जे नव्या प्रदेशांत द्राक्षं लावून बसले आहात, त्यांच्यासाठी हे दार एका छोट्या दुकानाच्या मालकाने उघडलं.

दुसरा कर्मिट लिंच. त्याने 1972 मध्ये कॅलिफोर्नियात लहानसं दुकान सुरू केलं. फ्रान्समधल्या तळघरात चाखलेली वाइन समुद्र ओलांडून आली की वेगळीच लागते, हे त्याच्या लक्षात आलं. प्रवासातल्या उन्हाने ती भाजून निघत होती. म्हणून तो वाइन थंड कंटेनरमधून आणू लागला, खर्च वाढत असूनही. मूळ चव ठाऊक होती म्हणूनच त्याला फरक कळला. नुसतं बिल आणि खोकी मोजणाऱ्या माणसाला ते कळलं नसतं.

आमच्या बाजूचं कर्तव्य आम्ही कसं करतो तेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. मागच्या खोलीचं तापमान आम्ही वर्षभर 13 अंशांच्या आसपास ठेवतो. विजेच्या बिलाचा सर्वात मोठा भाग तिथेच जातो. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवतो, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात. पारदर्शक काचेतल्या रोझे, म्हणजे गुलाबी, आणि पांढऱ्या वाइन खिडकीत मांडल्या तर किती सुरेख दिसतील, पण आम्ही तिथे फक्त रिकाम्या बाटल्या ठेवतो. अतिनील आणि निळा प्रकाश वाइनमधल्या रायबोफ्लेविनवर, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वावर पडला की गंधकाची संयुगं तयार होतात आणि वाइनला शिजलेल्या कोबीसारखा वास मारू लागतो. फ्रेंच लोक याला उजेडाची चव म्हणतात. दुकानातल्या नेहमीच्या ट्यूबलाइटखालीसुद्धा हे होतं. म्हणून रोज सकाळी आमचा धाकटा सहकारी पुढच्या फळीवरच्या बाटल्या मागे आणि मागच्या पुढे करतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघतही नाही. पारदर्शक काच तुम्ही निवडता, कारण रंग दिसला की विक्री होते. ती निवडण्याआधी दुकानातल्या दिव्यांचाही एकदा विचार करा.

काचेवरून आठवलं, बाटल्यांच्या वजनाचं काहीतरी करा. रिकामी बाटली 400 ग्रॅमची असेल तर बारांचं खोकं साधारण 14 किलो भरतं. तीच 900 ग्रॅमची असेल तर 20 किलोच्या घरात जातं. आत वाइन तेवढीच, 9 लिटर. ही खोकी आम्ही दिवसाला पन्नास वेळा उचलतो, तळघराच्या जिन्यावरून वर आणतो. आमच्या मालकीणबाईंची कंबर त्यातच गेली. जड बाटली म्हणजे भारी वाइन ही समजूत तुम्हीच रुजवली, तुम्हीच ती मोडू शकता. 2023 मध्ये काही मोठ्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन बुडबुडे नसलेल्या वाइनच्या बाटलीचं सरासरी वजन 2026 अखेर 420 ग्रॅमच्या खाली आणायचं ठरवलं. काच वितळवायला लागणारं इंधन वाचेल म्हणून. त्यात आमच्या पाठीही वाचतील.

मनात सलणारी एक गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगते. तुमच्यातले जे छोटे उत्पादक आहेत, त्यांची एखादी वाइन जेमतेम आठ पिपं निघते. एका पिपात 225 लिटर, म्हणजे 300 बाटल्या. आठ पिपांच्या झाल्या 2400. एवढ्याशा मालात मोठ्या साखळ्यांना रस नसतो. अशी वाइन हातानेच विकली जाते, एकेका गिऱ्हाइकाशी बोलून. आम्ही ती विकतो, लोकांना नाव माहीत होतं, मागणी येते, आणि मग एके दिवशी तुम्ही उत्पादन वाढवता आणि तीच वाइन मोठ्या साखळीत आमच्या खरेदीच्या भावापेक्षाही कमी किमतीला दिसते. धंदा वाढवू नका असं कोण म्हणेल? पण निदान आधी आम्हाला सांगा. ज्या गिऱ्हाइकाला आम्ही ती पहिल्यांदा चाखायला दिली, तोच दुकानात येऊन किमतीतला फरक दाखवतो, तेव्हा आम्ही त्याला लुबाडलं असं त्याला वाटतं.

दिवस कठीण आहेत हे आम्हालाही दिसतं. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगात सुमारे 21.4 कोटी हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे 100 लिटर) वाइन प्यायली गेली. 1961 नंतरचा हा सर्वांत कमी आकडा. लोक कमी पिऊ लागले आहेत, आणि त्यामागे चांगली कारणंही आहेत. मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. आम्ही हे गिऱ्हाइकांपासून लपवत नाही. कुणी डॉक्टरांनी मनाई केली म्हणून सांगितलं तर आम्ही गळ घालत नाही. आधीच तोल गेलेल्या माणसाला आणि कोवळ्या वयाच्या मुलाला आम्ही परत पाठवतो, मग तो कितीही भांडो. आमचं म्हणणं इतकंच की जो महिन्यातून एकदाच बाटली नेणार आहे, त्याची ती एक बाटली चांगली निघाली पाहिजे. आता वर्षातून बाराच वेळा संधी मिळणार असेल तर चुकीची बाटली हातात देणं परवडणारं नाही, आम्हाला आणि तुम्हालाही. आणि नेमक्या याच वेळी खर्च वाचवायचा म्हणून तुम्ही पहिली कात्री दुकानांना पाठवायच्या नमुन्याच्या बाटल्यांवर चालवली. जाहिरातींचे फलक मात्र येत राहिले. आमच्याकडे त्यांचा गठ्ठा पडून आहे.

दुकानातल्या कामाला एके काळी या व्यवसायात मान होता. 1953 साली लंडनमध्ये मास्टर ऑफ वाइन या वाइनच्या जाणकारांच्या पदवीची पहिली परीक्षा झाली ती व्यापारात काम करणाऱ्यांसाठी. 21 जण बसले, 6 उत्तीर्ण झाले. व्यापाराबाहेरच्यांना ती परीक्षा देता यायला पुढे तीस वर्षं गेली. आज आमचा धाकटा सहकारी स्वतःच्या पगारातून पैसे साठवून वाइनचा अभ्यासक्रम करतो आहे. शिकवणीसाठी लागणाऱ्या बाटल्या महाग, म्हणून वर्गातले चौघं वर्गणी काढून एक विकत घेतात आणि वाटून चाखतात. तो ज्या प्रदेशांचा अभ्यास करतो, तिथल्या बाटल्या रोज स्वतःच्या हातांनी फळीवर लावतो. त्यातल्या बऱ्याच त्याने अजून चाखलेल्या नाहीत. या मुलाने अजून पाच वर्षं या कामात टिकावं असं मला फार वाटतं. त्याचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तुमच्याकडून काय हवं ते आता नीट सांगते. नवीन वाइन किंवा जुन्याच वाइनचा नव्या हंगामाचा माल दुकानात पाठवताना तिच्याबरोबर एक बाटली दुकानातल्या माणसांसाठी पाठवा. तिच्यावर तसं लिहा, म्हणजे ती चुकून फळीवर जाणार नाही. जमलं तर सोबत त्या हंगामाबद्दल चार ओळी हाताने लिहून द्या. पाऊस कधी झाला, तोडणी कधी केली, कशाची धास्ती वाटली. सुगंधांची यादी नको, ती आम्ही काढू. बाटली खराब निघाली तर किती भरलेली आहे हे विचारू नका. चाखल्याशिवाय ती खराब आहे हे कळणार कसं? खराब बाटल्यांची नोंद आम्ही तुम्हाला दर तीन महिन्यांनी पाठवू, बुचावरच्या आकड्यांसह. ती बूच पुरवणाऱ्याला दाखवा, आता एकेक बूच यंत्रातून तपासून देणारे पुरवठादारही आहेत. आणि वर्षातून एकदा स्वतः या, किंवा ज्याने वाइन बनवली त्याला पाठवा. प्रतिनिधी नको असं नाही, पण त्यालाही चाखून पाठवा.

मंगळवारी दुपारी दोन ते चार आमच्याकडे शांत असतं. त्या वेळात आलात तर आम्ही पाचही जण भेटू. ग्लास आहेत, पिकदाणी आहे, वही काउंटरवरच असते. येताना बाटली प्रवासात हलली असेल तर आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे ती रात्रभर मागच्या खोलीत निवांत राहील.

आपली,
एका स्वतंत्र वाइन दुकानातली विक्रेती